तारीख मात्र खरी

आमच्या शाळेत शिवण शिकवणाऱ्या बाईंच्या घरी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा कोचावर चार उशा ओळीने मांडलेल्या होत्या. जाड मखमल, गडद लाल रंग, कडेला सोनेरी झालर. दोन खोल्यांच्या त्या साध्या घरात हा थाट जरा विचित्रच दिसत होता. मी त्यातली एक पाठीशी ओढली, तशा बाई म्हणाल्या, "ती नका घेऊ, ती टोचते. भाषणात रडायचे ना, त्यांची आहे. ही घ्या. हे बिचारे फार शांत होते. तीनच महिने टिकले."

मला काही उलगडेना. तेवढ्यात बाईंचे यजमान आतून चहा घेऊन आले आणि त्यांनी खुलासा केला. त्या घरातली एकेक उशी म्हणजे एकेक माजी युवक मंत्री होता.

यजमान युवक खात्यात कारकून होते. एकतीस वर्षं एकच खातं, एकच टेबल. खात्यात त्यांना सगळे 'पोचपावती' म्हणत, आणि पुढे आम्हीही म्हणायला लागलो. त्याला कारण होतं. त्यांना काहीही सांगा, आधी ते "ऐकलं" म्हणत आणि मगच हलत. बाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अहो, दूध उतू जातंय!" बाहेरून आवाज यायचा, "ऐकलं." मग दूध उतू गेल्याचा वास यायचा, आणि मग पोचपावती उठायचे.

देशाच्या सरकारात युवक मंत्री नेमकं काय करतो, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. ते बराच वेळ विचारात पडले. उडवाउडवीचं उत्तर देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"सामना सुरू होताना पहिला चेंडू टाकतात," ते म्हणाले.

"आणि?"

"संपल्यावर बक्षीस देतात."

"आणि मधल्या वेळात?"

"मधल्या वेळात निघून गेलेले असतात. बक्षिसाला परत येतात."

त्यांचं खातं दुसऱ्या मजल्यावर होतं, जिना संपतो तिथे, स्वच्छतागृहाच्या समोर. मंत्रिमंडळ बनताना संरक्षण, अर्थ, शेती, रस्ते असं सगळं वाटून झालं, की एक माणूस उरतो. तो रुसू नये म्हणून त्याला युवक खातं देतात. पोचपावतींनी एकदा जेवणाच्या सुट्टीत आपण पाहिलेल्या मंत्र्यांच्या वयाची सरासरी काढली होती. ती एकोणसाठ आली. स्वतः पोचपावती तेव्हा पंचावन्नचे होते, म्हणजे खात्यातल्या तरुण मंडळींत मोडत होते.

त्यांचं काम पत्रशाखेत. देशभरातल्या तरुण मुलामुलींची पत्रं मंत्र्यांच्या नावाने यायची आणि प्रत्येक पत्राला पंधरा दिवसांत उत्तर जायचं. उत्तर ठरलेलं होतं. 'आपले पत्र मिळाले. आपल्या भावनांची नोंद घेतली आहे. युवक हे राष्ट्राचे भवितव्य आहे.' खाली मंत्र्यांच्या सहीचा रबरी शिक्का. मंत्री बदलला की फक्त शिक्का बदलायचा, भवितव्य तेच राहायचं. जुना शिक्का ब्लेडने मधोमध कापून जमा करायचा, आणि कापलेला जुना शिक्का व मिळालेला नवा शिक्का यांची नोंद वहीत एकाच ओळीत करायची, असा नियम होता. त्यामुळे नवा शिक्का हातात येईपर्यंत जुना टेबलाच्या खणात तसाच पडून राहायचा. ही गोष्ट लक्षात ठेवायची, कारण पुढचं सगळं तिच्यावरून झालं.

आता उशांचं सांगते.

राजधानीपासून तीन तासांवर एक मध्यम गाव आहे. तिथे खात्याने युवकांसाठी एक हॉल बांधला होता. चांगला प्रशस्त, वर पत्रा, आत टेबल टेनिसची दोन टेबलं, वाचायला एक खोली. दारावर पाटी: 'वय पंधरा ते एकोणतीस यांच्यासाठीच'. बांधून झाला, रंग झाला, पहारेकरी नेमला, कुलूप लागलं. उद्घाटन मंत्र्यांच्या हस्ते व्हायचं होतं. उद्घाटनाआधी वापर नाही, असा खात्याचा नियम.

तारीख ठरली, मंत्र्यांच्या नावाचा संगमरवरी फलक कोरून झाला, त्यावर घालायला मखमलीचा पडदा शिवून झाला, आणि मंत्रिमंडळात फेरबदल झाला. नव्या मंत्र्यांना जुन्याच्या नावाचा फलक चालेना. दुसरा कोरला. दुसरे मंत्री पक्ष सोडून गेले. तिसऱ्यांचा फलक पाथरवटाने शहाणपणा करून पहिल्याच्याच पाठीमागे कोरला, तर तेही गेले, आणि एका दगडात दोन मंत्री वाया गेले. जिन्याखालच्या कोठडीत हे फलक भिंतीकडे तोंड करून उभे असत, शिक्षा झालेल्या पोरांसारखे.

पडदे शिवायचं काम आमच्या बाईंकडे होतं. प्रत्येक वेळी नवा पडदा, कारण मागच्या मंत्र्याच्या पडद्याला अपशकुनी मानत. न ओढलेला पडदा घरी परत यायचा आणि बाई त्याची उशी करायच्या. "एवढी चांगली मखमल," त्या म्हणायच्या, "मंत्र्यांना डोकं टेकायला नाही मिळाली, आपल्याला तरी मिळू दे."

त्या गावातून पोचपावतींना एक पत्र नेमाने यायचं. लिहिणारी मुलगी चष्म्याच्या दुकानात काम करत होती. पहिलं पत्र आलं तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. तिचं आणि तिच्या सहा मैत्रिणींचं टेबल टेनिसचं वेड होतं. हॉलच्या पायऱ्यांवर दोन बाकडी जोडून, मधे विटा मांडून त्या खेळायच्या. आत खरी टेबलं धूळ खात होती, ती त्यांना खिडकीच्या काचेतून दिसायची. 'माननीय मंत्री महोदय,' तिने लिहिलं होतं, 'आपला हॉल फार सुंदर आहे. बाहेरून.'

पोचपावतींनी ठरलेलं उत्तर पाठवलं. पण खाली, शिक्क्याच्या शेजारी, स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली: 'थोडा धीर धरावा. काम चालू आहे.' असं ते कधी करत नसत. का केलं, त्यांनाही सांगता येत नव्हतं. "बाहेरून, असं लिहिलं होतं हो तिने," एवढंच म्हणाले.

मग दर दोन-तीन महिन्यांनी पत्र, दर वेळी उत्तर, आणि उत्तराखाली एक ओळ. तिसऱ्या मंत्र्याच्या वेळी तिने लिहिलं, 'आपले अभिनंदन. आपलं अक्षर हुबेहूब आधीच्या दोन मंत्र्यांसारखं आहे. या खात्यात खुर्चीबरोबर अक्षरही मिळतं काय?' पोचपावतींनी ते पत्र घरी आणून बायकोला दाखवलं. बाई पोट धरधरून हसल्या आणि म्हणाल्या, "पकडलं की तुम्हाला पोरीने."

"ऐकलं," पोचपावती म्हणाले.

पाचवे मंत्री एकाहत्तर वर्षांचे होते. खात्यात त्यांना आजोबा म्हणत. युवक मेळाव्यात ते पहिल्या भाषणालाच झोपायचे, आणि टाळ्या झाल्या की दचकून जागे होऊन स्वतःही टाळ्या वाजवायचे. पण माणूस मनाने सरळ. त्यांनी त्या हॉलच्या उद्घाटनाची तारीख दिली, त्या महिन्याची चौदा. चष्मेवालीच्या चमूने नवी जाळी विकत घेतली, खिडक्यांच्या काचा बाहेरून पुसल्या. चार तारखेला सकाळी अकराच्या बातम्यांत आजोबा गेल्याचं कळलं. म्हणजे पदावरून. प्रकृती ठणठणीत होती. बातम्या संपायच्या आत शिपाई पेचकस घेऊन दारावरची पाटी काढायला आला.

आठ तारखेला चष्मेवालीचं पत्र आलं. पोचपावतींनी ते मला पुढे वाचायला दिलं होतं, म्हणून मजकूर जवळजवळ तसाच सांगते.

'माननीय जे कोणी असतील ते,

'उद्घाटन लांबणीवर पडल्याचं कळलं. मी येत्या सात महिन्यांत तीस वर्षांची होत आहे. आपल्या पाटीप्रमाणे मला नंतर आत येता येणार नाही. माझ्या सहा मैत्रिणींपैकी चौघींची तिशी उलटली आहे. तरी पुढील उद्घाटनाच्या वेळी आम्हाला प्रौढ नागरिक म्हणून पायऱ्यांखाली उभं राहून फुलं उधळायची परवानगी असावी. फुलं आमची आम्ही आणू.'

पोचपावतींनी पत्र टेबलावर ठेवलं. डबा खाल्ला. पत्र पुन्हा वाचलं. मंत्र्यांची खोली रिकामी होती, नवं नाव जाहीर व्हायचं होतं. सचिव बाई रजेवर होत्या. सगळं खातं दुपारच्या पेंगेत होतं. त्यांनी खण उघडला. आजोबांचा शिक्का तिथे होता, अजून न कापलेला.

त्यांनी खात्याचा कागद घेतला आणि लिहिलं: 'हॉलचा वापर तात्काळ सुरू करावा. उद्घाटन सवडीने होईल. किल्ली पहारेकऱ्याकडून घ्यावी.' खाली शिक्का मारला. त्याच्या शेजारी तारीख घातली. आठ.

आता इथे कुणीही शहाणा माणूस तीन तारीख घालतो. तीन तारखेला आजोबा मंत्री होते, त्यांचा आदेश पक्का होता, कुणी बोट ठेवू शकलं नसतं. बाईंनी नंतर कपाळावर हात मारून घेतला. "अहो, खोटा शिक्का मारलात ना? मग तारीख खोटी घालायला काय हात मोडला होता?"

"तारीख कशी खोटी घालणार?" पोचपावती खरोखर आश्चर्याने म्हणाले. "एकोणतीस वर्षांत घातली नाही कधी."

पत्र गेलं. पहारेकऱ्याने सहा वर्षांत एकदाही न उघडलेलं कुलूप तेल घालून उघडलं. त्या दिवशी रात्र पडेपर्यंत सातही जणी खेळल्या. ज्या चौघींची तिशी उलटली होती, त्यांच्याकडे पाहून पहारेकरी म्हणाला, "मला आकडे वाचता येत नाहीत."

बारा तारखेला नवे मंत्री आले. वय अडतीस. सुटाखाली खेळाचे बूट. जिने धावत चढायचे, आणि मागून सचिव बाई धापा टाकत यायच्या. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं, "एका महिन्यात मला काहीतरी उघडायचंय. काय तयार आहे?"

सचिव बाईंनी फाइल चाळली. "एक हॉल आहे साहेब. सहा वर्षांपासून तयार आहे."

"उत्तम. फलक, पडदा, सगळं घेऊन या कारकून काकांना पाठवा. मी स्वतः येतो."

पोचपावतींनी "ऐकलं" म्हटलं. नोकरीची शेवटची दोन वर्षं उरली होती. हॉल उघडा आहे हे मंत्र्यांना तिथे गेल्यावर दिसणार, पत्र कुणाचं हे कळणार. आपल्याला घरी बसवतील, ते एक वेळ चालेल. पण हॉलला पुन्हा कुलूप लावतील आणि सहा महिन्यांत ती पोर तीस वर्षांची होईल, हे त्यांना खुपत होतं. आदेशच बेकायदा, मग कुलूप लावणं कायद्याने बरोबरच होतं. त्यांना नियम तोंडपाठ होते, हीच पंचाईत होती.

"आजारी पडा," बाईंनी सुचवलं.

"पडलो तर दुसऱ्याला पाठवतील. त्याला ती पोर ओळखत नाही."

"तुम्हाला तरी कुठे ओळखते?"

"अक्षर ओळखते."

बाईंनी नवा पडदा शिवायला घेतला. आदल्या दिवशी फलक घरी आणला होता, मापासाठी. बाईंनी तो मखमलीत गुंडाळून दिला, अगदी चापूनचोपून. वाटेत घासू नये म्हणून असेल, असं पोचपावतींना वाटलं. गाडीत सबंध तीन तास ते फलक मांडीवर घेऊन बसले.

गावात पोचले तेव्हा दारावर फीत बांधलेली होती, फोटोवाला उभा होता, सगळं रीतसर होतं. फक्त आतून टक टक टक असा आवाज येत होता.

मंत्री थबकले. "आत कोण आहे?"

दार उघडलं. हातात बॅट, कपाळावर घाम आणि नाकावर जाड चष्मा असलेली एक बाई फितीखालून वाकून बाहेर आली. "या ना साहेब. बूट मात्र बाहेर काढा, जमीन नवी आहे."

"उद्घाटनाआधीच वापर? कुणी परवानगी दिली?"

"तुमच्या आधीच्या साहेबांनी," चष्मेवाली म्हणाली. "जाता जाता फार चांगलं काम करून गेले." आणि आत जाऊन तिने भिंतीवरचं पत्र फ्रेमसकट काढून आणलं.

मंत्र्यांचा चेहरा पडला. खरा झोंबला तो श्रेयाचा भाग. सहा वर्षं रखडलेला हॉल झोपाळू आजोबांनी उघडला, आणि आपण फीत कापायला आलो! त्यांनी पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्यांचं बोट तारखेवर थांबलं.

"आठ? ते तर चारलाच गेले होते."

पोचपावती मांडीवरचा फलक आता छातीशी धरून उभे होते.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं, साहेब."

"सही?"

"शिक्क्याची, साहेब."

"आणि तारीख?"

"तारीख खरी आहे, साहेब."

चष्मेवालीने चष्मा वर करून पोचपावतींकडे पाहिलं. पाच मंत्र्यांचं ते एकच अक्षर आता पांढऱ्या केसांचं, जुन्या चपलांचं, समोर उभं होतं. मग तिने फ्रेम मंत्र्यांच्या हातातून अलगद परत घेतली.

"म्हणजे आठ तारखेला मंत्री कोण होतं?"

"कुणीच नव्हतं, साहेब."

"तरी काम झालं?"

"त्याच दिवशी झालं, साहेब," पोचपावती म्हणाले. त्यांना यात उद्धटपणा करायचा नव्हता. विचारलेल्याचं उत्तर देत होते.

फोटोवाला खोकला. सचिव बाईंनी आकाशाकडे पाहिलं. मंत्र्यांनी घटकाभर विचार केला, आणि मी म्हणते, राजकारणात पुढे जाणार असलेल्या माणसाचं डोकं वेगळंच चालतं. आजोबांनी हॉल उघडला नव्हता. पत्र बेकायदा होतं. म्हणजे हॉल कुणीच उघडलेला नव्हता. म्हणजे तो आपल्याला उघडता येत होता!

"सगळ्यांनी बाहेर या," ते म्हणाले. "हॉल बंद करा."

"साहेब, एकोणीस-सतरा झालंय," आतून कुणीतरी ओरडलं. "दोनच गुण राहिलेत!"

"तेवढे नंतर."

सगळे बाहेर आले. चष्मेवाली सर्वांत शेवटी, बॅट काखेत मारून. पहारेकऱ्याने कुलूप लावलं. पोचपावतींनी फलक टेबलावर उभा केला. मंत्री पुढे झाले आणि त्यांनी पडद्याची दोरी शोधली. दोरी नव्हती. त्यांनी कड धरून ओढली. पडदा हलेना. फलक टेबलासकट त्यांच्याकडे सरकू लागला.

पोचपावतींनी वाकून पाहिलं. मखमल तीन बाजूंनी शिवलेली होती. चौथ्या बाजूला तीन बटणं होती. बाईंनी या खेपेला पडद्याचा देखावाच केला नव्हता. हेही पडणारच म्हणून सरळ उशीचा अभ्रा शिवून टाकला होता.

"हे काय आहे?" मंत्री पुटपुटले.

"बटणं, साहेब," पोचपावती म्हणाले आणि सोडायला लागले. मग दोघांनी मिळून, एकाने खालून दाबून आणि एकाने वरून ओढून, मंत्र्यांचं नाव अभ्र्यातून बाहेर काढलं. फोटोवाल्याने नेमका तोच फोटो घेतला. टाळ्या झाल्या. फीत कापली. पहारेकऱ्याने कुलूप काढलं. हॉल एकूण अकरा मिनिटं बंद होता. त्यानंतर आत एकोणीस-सतरापासून खेळ पुढे सुरू झाला, आणि ज्या मुलीचे सतरा होते ती जिंकली. अकरा मिनिटांत तिला दम मिळाला होता.

परतीच्या वाटेवर मंत्री पोचपावतींशी बोलले नाहीत. सोमवारी त्यांना 'कारणे दाखवा' नोटीस मिळाली. अधिकार नसताना आदेश काढल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, पंधरा दिवसांत कळवावे. नोटीस रीतसर पत्रशाखेत आली, म्हणजे पोचपावतींच्याच टेबलावर. त्यांनी जे घडलं ते तीन ओळींत लिहिलं आणि तारीख घातली. प्रकरण 'मंत्र्यांच्या निर्णयासाठी' असा शेरा मारून वर गेलं.

निर्णय व्हायच्या आत अडतीस वर्षांच्या मंत्र्यांना बढती मिळाली, मासेमारी खात्यात. पुढच्या मंत्र्यांनी फाइल समजून घ्यायला वेळ मागितला आणि तो वेळ त्यांना मिळाला नाही. त्याच्या पुढच्यांना फाइल सापडली नाही. पोचपावती निवृत्त झाले तेव्हा प्रकरण निर्णयासाठीच होतं. निरोपाच्या दिवशी त्यांना खात्याकडून छापील पत्र मिळालं: 'आपल्या सेवेची नोंद घेतली आहे.' त्याचा मसुदा त्यांनीच बारा वर्षांपूर्वी लिहिला होता. शिक्का वाकडा पडला होता, त्याचंच त्यांना वाईट वाटलं.

निवृत्तीनंतर आठवडाभराने बाई त्यांना घेऊन त्या गावाला गेल्या. मलाही ओढलं. "बघू तरी, आमची एक मखमल कुठे कामी आली ते," म्हणाल्या. हॉल भरलेला होता. दारात पहारेकऱ्याने हात आडवा केला. "काका, वय?"

"साठ."

"मग इथे बसा," म्हणत त्याने पायरी पुसून दिली.

पायरीवर चष्मेवाली आधीच बसलेली होती. तिची तिशी उलटून दीड वर्ष झालं होतं. पाटी वाचता न येणारा पहारेकरी तिला आत सोडायला तयार होता, पण तीच जात नव्हती. नियमात बसून सहा महिने आणि चार दिवस खेळले, म्हणाली, रोज. त्यातला एकही दिवस फुकट घालवला नाही. आता ती आतल्या पोरींना खिडकीतून ओरडून शिकवत होती. "अगं, मनगट! मनगट वापर!"

पोचपावती तिच्या शेजारी टेकले. आतली टक टक चालू होती. मग तिने पर्समधून एक कागद काढला.

"वयाची अट पस्तीस करा, असा अर्ज लिहितेय. मंत्र्यांना. पण आता तुम्ही तिथे नाही. उत्तर कोण देणार?"

"येईल तो देईल," पोचपावती म्हणाले. "मजकूर दाखव."

त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला, चष्मा नाकावर ओढला, दोन ठिकाणी खोडून सुधारलं. बाई मला कोपराने ढोसून म्हणाल्या, "सुरू झाले बघा." पोचपावतींनी खिशातून पेन काढलं आणि कागदाच्या वरच्या कोपऱ्यावर नेऊन ते थांबले.

"आज तारीख किती?" त्यांनी विचारलं.